कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

‘विंडोज १०’चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर लगेच भंगारवाल्याला देऊ नका. लिनक्स मिंटची इमेज पेनड्राइव्हवर चढवून घ्या. कॉम्प्युटर सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबत राहा (कंपनीनुसार बटण बदलते), बायोस उघडेल. तिथल्या ‘बूट ऑर्डर’मध्ये पेनड्राइव्ह पहिला करा, न कळणाऱ्या सेटिंगला हात लावू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते.

हायकू तर फार थोड्यांना ठाऊक! बंद पडलेल्या ‘बी-ओएस’च्या चाहत्यांनी २००१मध्ये तिचे काम हाती घेतले. ३८४ एमबी रॅम तिला पुरते; वायफाय मात्र कधी रुसते. मुलांच्या अभ्यासाला मिंटच बरी. ‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी अम्मी-अब्बांचे फोटो दुसरीकडे कॉपी करून घ्या, हार्ड डिस्क पुसली जाऊ शकते.