दंतिनाची घडण : जनुक वगळलेल्या उंदरांची साक्ष

ओझरच्या शिवारात पीक कुरतडणाऱ्या उंदराचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात. दंतवल्काखालील दंतिन त्यांत नित्य घडत असते. म्हणून दंतिनाच्या अभ्यासास उंदीर सोयीचा ठरतो. वर्ण गाळून त्याचे शब्दातील कार्य ओळखावे, तद्वत् अमेरिकेत अशोक कुलकर्णी यांच्या प्रयोगशाळेने डीएसपीपी हे जनुक उंदरांतून वगळले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा दातांत खनिज न साचलेला थर रुंदावला व दंतगर उघडा पडला. माणसाच्या एका आनुवंशिक दंतविकारातही असेच आढळते. या जनुकापासून दोन प्रथिने होतात. त्यांपैकी एकच उंदरांत पुन्हा निर्माण होऊ दिले असता दंतिनाचे आकारमान सुधारले, खनिजघनता मात्र सुधारली नाही, असे २००९ साली दिसून आले. सारांश, दंतिन वाढणे व ते कठीण होणे ही कार्ये भिन्न होत. उपचारांचा विचार करताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.