संगणक-जाळ्याचा द्वारपाल : ओळख पडताळणारा सर्व्हर आपोआप सुरू होण्याची व्यवस्था

आषाढातील एखाद्या रात्री वादळी पावसाने वीज जाते आणि पहाटे तीनच्या सुमारास परत येते. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात त्या वेळी कोणीही नसते. भिंतीवरील वाय-फायची उपकरणे मात्र आपले दिवे दाखवू लागतात. सकाळी विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी येतात, आपले नाव व पासवर्ड देतात. पण जोडणी होत नाही. पासवर्ड बरोबर असतो, उपकरण चालू असते, बाहेरून येणारी तारही शाबूत असते. अडचण एवढीच की, ‘हा विद्यार्थी आपलाच’ असे ज्या सर्व्हरने सांगावयाचे, तोच सुरू झालेला नसतो. आणि तो हाताने सुरू करणारे कर्मचारी नेमके रजेवर असतात. अर्जाची मुदत मात्र त्याच दिवशी संपत असते.

असा प्रसंग बहुधा टाळता येतो. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. काही नोंदी योग्य ठिकाणी कराव्या लागतात आणि त्या खरोखर लागू पडतात की नाही हे एकदा पाहावे लागते. या नोंदी कोणत्या व त्यांची गरज का पडते, हे समजून घेणे संस्थाप्रमुख, शिक्षक व कार्यालयीन अधिकारी या सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

द्वारपालाचे काम

घरातील वाय-फायला सर्वांसाठी एकच पासवर्ड असतो. जेथे शेकडो माणसे येतात-जातात, तेथे ही पद्धत पुरी पडत नाही. एक माणूस संस्था सोडून गेला तरी सर्वांचा पासवर्ड बदलावा लागतो. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड देतात आणि त्यांची पडताळणी एका मध्यवर्ती सर्व्हरकडे सोपवितात. या पडताळणीसाठी जगभर वापरली जाणारी पद्धत ‘रेडिअस’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या कंपनीने १९९१ मध्ये टेलिफोनवरून संगणक-जाळ्यात येणाऱ्यांसाठी ती तयार केली. टेलिफोनची ती जोडणी मागे पडली, परंतु पद्धत टिकली.

तिचे कार्य साधे आहे. भिंतीवरील उपकरण स्वतः काहीही ठरवीत नाही. ते आलेल्या माणसाची माहिती सर्व्हरच्या १८१२ क्रमांकाच्या पोर्टवर पाठविते. सर्व्हर आपली यादी पाहून ‘प्रवेश द्यावा’ किंवा ‘नाकारावा’ असे उत्तर देतो, अथवा आणखी पुरावा मागतो. कोण किती वेळ जोडलेला होता याचा हिशेब १८१३ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. उपकरण व सर्व्हर या दोघांनाच ठाऊक असलेला एक गुप्त शब्द या व्यवहारात वापरला जातो.

हा द्वारपाल झोपलेला असेल तर त्याचा परिणाम केवळ आपल्या आवारापुरता राहतो असेही नाही. ‘एज्युरोम’ या शैक्षणिक व्यवस्थेत सभासद संस्थेचा प्राध्यापक दुसऱ्या सभासद संस्थेत गेला, तरी आपल्याच नाव-पासवर्डाने तेथील वाय-फाय वापरू शकतो. भारतात ही व्यवस्था अर्नेट इंडिया ही संस्था पाहते. यात पडताळणी पाहुण्याच्या मूळ संस्थेतील सर्व्हरच करतो. त्यामुळे वडोदऱ्यातील सर्व्हर बंद असेल, तर हैदराबादेस गेलेला तेथील प्राध्यापक दाराबाहेरच राहतो.

संगणक जागा कसा होतो

या कामासाठी ‘फ्रीरेडिअस’ हा विनामूल्य सर्व्हर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो आणि तो बहुधा लिनक्स प्रणालीवर चालतो. अॅलन डीकॉक व मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी १९९९ मध्ये त्याचा आरंभ केला. यांपैकी व्हान स्मूरेनबर्ग यांनीच लिनक्स संगणक सुरू होताना त्यातील सेवा क्रमाने जाग्या करणारी ‘सिस-व्ही-इनिट’ ही व्यवस्थाही पूर्वी लिहिली होती. दार राखणे आणि दार राखणाऱ्यास उठविणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून घडली हा लक्षात राहण्याजोगा योग होय.

वीज मिळाल्यावर संगणकातील मूळ यंत्रणा प्रथम आपली तपासणी करते, नंतर डिस्कवरून प्रणालीचा गाभा स्मृतीत आणते. हा गाभा एकच पहिला प्रोग्रॅम सुरू करतो व त्याला १ हा क्रमांक देतो. पुढील सर्व सेवा हा पहिला प्रोग्रॅम सुरू करतो. जुन्या व्यवस्थेत सेवांना क्रमांक देऊन त्या एकामागून एक सुरू करीत. २०१० मध्ये ‘सिस्टिम-डी’ ही नवी व्यवस्था पुढे आली आणि २०१५ मधील डेबियन ८ पासून डेबियननेही तिचा मूलतः स्वीकार केला. तीत प्रत्येक सेवेचे एक लहान सेवापत्रक असते. कोणता प्रोग्रॅम चालवावा, कोणाच्या नंतर चालवावा, बंद पडल्यास काय करावे, हे सर्व त्यात लिहिलेले असते.

रोजंदारी आणि नेमणूक

येथेच सर्वात जास्त चुका होतात. सर्व्हर ‘सुरू करणे’ आणि तो दर वेळी आपोआप सुरू व्हावा अशी ‘नोंद करणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी ‘स्टार्ट’ आणि दुसरीसाठी ‘एनेबल’ अशा स्वतंत्र आज्ञा आहेत. ‘स्टार्ट’ म्हणजे रोजंदारीवर आजच्या दिवसापुरता माणूस लावणे. ‘एनेबल’ म्हणजे त्याचे नाव आस्थापनेच्या यादीत चढविणे. रोजंदारीवरील माणूस आज उत्तम काम करतो, पण उद्या त्याला कोणी बोलावीत नाही. उलट केवळ ‘एनेबल’ केल्याने सर्व्हर त्या क्षणी सुरू होत नाही. पुढील वेळी संगणक चालू होईल तेव्हा तो सुरू होतो.

डेबियन व उबुंटू या प्रणालींवर फ्रीरेडिअस बसविताच ही नोंद सहसा आपोआप होते. रेड हॅटच्या कुळातील प्रणालींवर ती स्वतः करावी लागते. सेवेचे नावही वेगळे असते : डेबियनवर ‘फ्रीरेडिअस’, तर रेड हॅटवर ‘रेडिअस-डी’. एका प्रणालीची सूचना दुसरीवर जशीच्या तशी वापरली की घोटाळा होतो.

आणखी एक सवय टाळावयास हवी. दोष शोधताना हा सर्व्हर पडद्यावर प्रत्येक पायरी दाखवीत चालविता येतो. ही सोय अत्यंत उपयुक्त आहे. परंतु काम जमले की काही ठिकाणी तो त्याच खिडकीत तसाच चालू ठेवतात. महिनोन्महिने सर्व सुरळीत चालते. मग वीज जाते, खिडकी नाहीशी होते आणि सर्व्हर कधी नोंदलेलाच नव्हता हे तेव्हा कळते. तपासणी संपताच खिडकीतील सर्व्हर बंद करून तो सेवा म्हणून सुरू करावा. दोन्ही एकाच वेळी चालविता येत नाहीत, कारण एकाच पत्त्यावरील एकच पोर्ट दोघांना मिळत नाही.

कोणाच्या नंतर कोण

नाव यादीत चढले म्हणजे सर्व झाले असे नाही. संगणक सुरू होताना अनेक सेवा एकदमच उठतात आणि पडताळणी सर्व्हर आपल्या आधारांच्या आधी उठला तर तो अडखळतो. पुढील चार ठिकाणी लक्ष द्यावे.

पहिले ठिकाण जाळ्याचे. सर्व्हर एखाद्या ठरावीक पत्त्यावरच ऐकण्यासाठी नेमला असेल आणि तो पत्ता संगणकाला अजून मिळालेला नसेल, तर सुरुवातच फसते. सिस्टिम-डीमध्ये ‘जाळ्याची यंत्रणा उठली’ आणि ‘जाळे खरोखर जोडले गेले’ असे दोन वेगळे टप्पे आहेत. अशा सर्व्हरने दुसऱ्या टप्प्याची वाट पाहणे इष्ट असते. भिंतीवरील उपकरणांची नोंद नावाऐवजी त्यांच्या अंकी पत्त्याने केल्यास, नाव शोधून देणारी सेवा उठण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे ठिकाण डेटाबेसचे. वापरकर्त्यांची यादी डेटाबेसमध्ये असेल आणि सर्व्हरने सुरुवातीलाच त्याच्याशी संबंध जोडावा अशी रचना असेल, तर डेटाबेस आधी उठला पाहिजे. ‘त्याच्या नंतर’ हा क्रम आणि ‘त्याच्यावाचून नको’ ही गरज सेवापत्रकात निरनिराळ्या ओळींत लिहावी लागते. एक लिहिल्याने दुसरी आपोआप लागू होत नाही.

तिसरे ठिकाण घड्याळाचे. संगणकातील लहान बॅटरी संपली असेल, तर वीज परतल्यावर त्याचे घड्याळ काही वर्षे मागे जाऊ शकते. विद्यार्थ्यांच्या उपकरणांना डिजिटल प्रमाणपत्रे दिलेली असतील, तर अशा घड्याळाला ती ‘अद्याप लागू न झालेली’ वाटतात आणि खऱ्या माणसालाही प्रवेश नाकारला जातो.

चौथे ठिकाण पुनःप्रयत्नाचे. सर्व्हर अपयशी ठरल्यास काही सेकंदांनी पुन्हा सुरू करावा, अशी सूचना सेवापत्रकात देता येते. मात्र दोन प्रयत्नांत पुरेसे अंतर ठेवावे. सामान्यतः दहा सेकंदांत पाच वेळा प्रारंभ होऊनही सेवा टिकली नाही, तर सिस्टिम-डी तिचा नाद सोडून देते.

हे बदल मूळ सेवापत्रकात खाडाखोड करून करू नयेत. ज्याप्रमाणे मूळ आदेशास पुरवणी जोडतात, त्याप्रमाणे सेवेस पूरकपत्र जोडण्याची सोय आहे. मूळ पत्रक प्रणालीच्या पुढील सुधारणेत बदलले, तरी पुरवणी कायम राहते.

किल्ली कोठे ठेवावी

स्वयंचलित व्यवस्थेत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. सर्व्हरची स्वतःची गुप्त किल्ली पासवर्डाने कुलूपबंद असू शकते. माणूस समोर असेल तर तो पासवर्ड टंकलिखित करील. पण पहाटे तीन वाजता तो कोण देणार? म्हणून तो पासवर्ड सर्व्हरच्याच मांडणीपत्रकात लिहून ठेवावा लागतो. जो आपणहून उठावा असे वाटते, त्याच्या उशाशी किल्ली ठेवावीच लागते.

हा धोका पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. मर्यादित ठेवता येतो. मांडणीपत्रक केवळ व्यवस्थापकास व त्या सेवेसच वाचता यावे. सेवा सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे न चालविता मर्यादित अधिकारांच्या स्वतंत्र नावाने चालवावी. मांडणीच्या नमुन्यात आलेले पासवर्ड बदलावेत, कारण ते सर्वांना ठाऊक असतात. संगणक कुलूपबंद खोलीत असावा. संपूर्ण डिस्कच पासवर्डाने बंद केलेली असेल, तर संगणक सुरुवातीसच त्या पासवर्डासाठी थांबून राहू शकतो, हेही आधी ध्यानात घ्यावे.

खरी परीक्षा

सर्व नोंदी झाल्यावर परीक्षा एकच : संगणक खरोखर बंद करून पुन्हा चालू करणे. चालू असलेला सर्व्हर पाहून तो उद्या आपोआप उठेल की नाही हे निश्चित सांगता येत नाही. सुट्टीच्या दिवशी, सर्वांना पूर्वसूचना देऊन ही परीक्षा घ्यावी. प्रथम संगणक नेहमीच्या आज्ञेने पुन्हा सुरू करून कोणीही कळफलकास हात न लावता थांबावे. नंतर दुसऱ्या संगणकावरून बरोबर पासवर्ड देऊन पाहावा. प्रवेश मिळाला पाहिजे. मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्यावा. प्रवेश नाकारला गेला पाहिजे. सर्वांनाच आत सोडणारा द्वारपाल हा झोपलेल्यापेक्षा अधिक घातक होय.

त्यानंतर संगणक रीतसर बंद करून त्याचा वीजपुरवठा तोडावा व काही वेळाने पुन्हा जोडावा. पुष्कळ संगणक वीज परतली तरी बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. ‘वीज येताच चालू व्हावे’ ही निवड संगणकाच्या मूळ यंत्रणेत करावी लागते. ती राहून गेली, तर वरील सर्व नोंदी व्यर्थ ठरतात. बॅटरीवर चालणारा यूपीएस असल्यास तो संपण्यापूर्वी संगणकाला रीतसर बंद होण्याची सूचना देतो का, हेही पाहावे. अवचित बंद पडण्याने डेटाबेसला इजा पोहोचू शकते.

येथे रेडिअसचा एक गुण उपयोगी पडतो. त्याच्या मूळ पद्धतीत उपकरण व सर्व्हर यांच्यात कायमची जोडणी नसते. प्रत्येक विचारणा स्वतंत्र असते. त्यामुळे सर्व्हर उशिरा उठला, तरी सहसा भिंतीवरील उपकरणे पुन्हा चालू करावी लागत नाहीत. शक्य असेल तेथे दुसरा सर्व्हर ठेवून उपकरणांत दोघांचेही पत्ते नोंदवावेत. मात्र दोन्ही एकाच खोलीत, एकाच विजेवर ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

शेवटी, या सर्व नोंदी कागदावर असाव्यात : सेवेचे नाव, पूरकपत्रात काय लिहिले, परीक्षा कोणत्या तारखेस घेतली, प्रमाणपत्राची मुदत केव्हा संपते. हा कागद सर्व्हर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याखेरीज आणखी एका जबाबदार व्यक्तीस वाचून दाखविलेला असावा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नयेत. पावसाळ्यापूर्वी ज्याप्रमाणे घरावरची कौले परतून घेतात, त्याप्रमाणे वर्षातून एकदा ही परीक्षा घ्यावी. मग रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली, तरी सकाळी दाराशी आलेल्या विद्यार्थ्यास रात्री काही घडले होते, याचा पत्ताही लागणार नाही.