वेडी बाभूळ : शेंग, शेण आणि शिंका

कच्छकडे जाताना दिसणारी काटेरी झाडी म्हणजे ‘गांडो बावळ’, मराठीत वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली. खारी जमीन पसरू नये म्हणून १९६१च्या सुमारास ती बन्नीच्या कुरणात लावली. गोड शेंगा गुरे आवडीने खातात. मात्र टणक बी न पचता शेणातून पडते आणि रुजते. त्यामुळे झाडी वाढली, गवत आटले. नुसत्या शेंगांवर राहिलेल्या जनावराचे पचन बिघडते, जबडाही लुळा पडू शकतो. माणसांना तिच्या परागकणांमुळे शिंका, दम्याचा त्रास होतो. जोधपूरच्या ‘काझरी’ संस्थेने शेंगांच्या भरडीचे पशुखाद्य अभ्यासले आहे. शेंगा बियांसकट दळून इतर चाऱ्यात बेताने मिसळल्या, तर जनावराला पोषण मिळते आणि दळलेले बी पुन्हा रुजत नाही.