शेताला विमा, घर रामभरोसे!

पुण्यातल्या फ्लॅटचा ईएमआय दर महिन्याला न चुकता जातो. पण बीडच्या ज्या घरात आई-पप्पा राहतात, त्या घराचं काय?

सीन असा. तुम्ही हिंजवडीच्या ऑफिसात. समोर एक्सेल शीट, शेजारी गार झालेली कॉफी. फोन वाजतो. पलीकडे आई. ‘‘पाणी ओट्याला लागलंय. तुझे पप्पा फ्रीज विटांवर चढवतायत.’’ तुम्ही ओरडता, ‘‘फ्रीज राहू दे, आधी गच्चीवर जा!’’ रात्री पाणी ओसरतं, दोघं सुखरूप असल्याचं कळतं, तुमचा जीव भांड्यात पडतो. आणि मग डोक्यात तो प्रश्न येतो... आपल्या घराचा इन्शुरन्स आहे का?

नाही ना? बहुतेकांचा नसतोच.

बीडमध्ये आणि पूर?

हसू नका. बीड म्हटलं की आपल्याला दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड आठवते. पण घरातल्या मोठ्यांना २३ जुलै १९८९ विचारून बघा. एरवी कोरडी वाटणारी बिंदुसरा त्या दिवशी शहरात घुसली, वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, माणसं गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदावरीनं पुन्हा तेच रूप दाखवलं. गेवराई, माजलगावच्या बाजूला पाणी शिवारातच थांबलं नाही, गावातही शिरलं.

गंमत बघा. विम्याच्या दुनियेत बीडचं नाव मोठं आहे. २०२० च्या खरिपात इथला पीकविमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात. तेव्हा सरकारी भारतीय कृषी विमा कंपनीला सोबत घेऊन एक तोडगा निघाला. जमा प्रीमियमच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीनं द्यायची, त्यापुढचा भार राज्यानं उचलायचा. भरपाई कमी निघाली तर कंपनीनं २० टक्के ठेवून उरलेले पैसे राज्याला परत करायचे. हाच तो ‘बीड पॅटर्न’. २०२२ पासून तो राज्यभर गेला. म्हणजे सोयाबीनच्या मागे सरकार उभं आहे. घराच्या मागे? तिथे कुठलाच पॅटर्न नाही.

सरकार देईल की!

देतं. पण किती, ते ऐका. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. पक्क्या घराचं थोडं नुकसान झालं तर ६,५०० रुपये, आणि तेही किमान १५ टक्के पडझड असेल तर. घर वाहून गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. ही तातडीची मदत आहे, भरपाई नव्हे. एवढ्यात घर उभं राहत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ‘सिटिझन्स’ नावाची सरकारी पाठबळाची विमा कंपनी आहे. दुसरं कुणी घराचा विमा देईना, की लोक तिच्याकडे जातात. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे कायदा झाला, की या कंपनीकडून विमा हवा असेल तर पूरविमाही घ्यावा लागेल. ही सक्ती टप्प्याटप्प्यानं लागू होतेय. कारण तिथल्या नेहमीच्या होम पॉलिसीत पूर धरलेलाच नसतो.

आपल्याकडे उलटं आहे, बॉस! १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आली आणि तिच्यात पूर आधीपासूनच आहे. आग, वीज, वादळ, भूकंपही आहेत. फक्त ती घ्या म्हणून मागे लागणारं कुणी नाही. बँक विमा मागते तो स्वतःचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून, आणि तोही पुण्याच्या फ्लॅटचा. शिवाय लोनसोबत गळ्यात मारलेली पॉलिसी अनेकदा तुमच्या आयुष्याची असते. तुम्हाला काही झालं तर ती कर्ज फेडते, भिंत पडली तर नाही. आजच कागद काढून बघा.

हिशेब सोपा आहे

विमा जमिनीचा नसतो, बांधकामाचा असतो. समजा, घर ८०० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च फुटाला २,००० रुपये. झाली १६ लाखांची पॉलिसी. घरातल्या सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख २० हजारांचं कव्हर आपोआप मिळतं (कमाल मर्यादा १० लाख). एवढ्या घराचा वर्षाचा प्रीमियम बहुतेक वेळा तुमच्या एका वीकएण्ड पार्टीच्या बिलात बसतो!

गावी जाल तेव्हा एवढं कराच

* पॉलिसी घराच्या मालकाच्या नावावर हवी. घर पप्पांचं असेल तर विमाही पप्पांच्या नावे. हप्ता तुम्ही भरा.
* माळवद, पत्रे की स्लॅब, जे असेल ते खरं लिहा. इथली लपवाछपवी क्लेमच्या वेळी अंगाशी येते.
* रोख रक्कम यात येत नाही. दागिने हवे असतील तर वेगळे नोंदवावे लागतात.
* घर महिनोन् महिने बंद राहणार असेल तर कंपनीला आधी विचारा.
* प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. बिलं स्वतःला ई-मेल करून ठेवा.
* पाणी ओसरलं की चिखल काढण्याआधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

आणि पप्पा म्हणतीलच, ‘‘कशाला उगाच खर्च? एवढी वर्षं काही झालं का?’’ तेव्हा वाद घालू नका. त्यांना फक्त १९८९ ची आठवण सांगायला लावा. ते सांगत असतील तेवढ्यात तुम्ही मोबाइलवर फॉर्म उघडा. सही करताना ते काही बोलणार नाहीत.