खर्चाची तारीख

कविता लिहिणाऱ्याने हिशेबाच्या वहीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण देण्याघेण्याची नोंद हा विषय आपल्याकडे कधीच हलका मानला गेलेला नाही. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहणाऱ्या एकनाथांनी एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागून काढली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. नाथांचा शोध ‘किती’चा होता. आज मला बोलायचे आहे ते ‘केव्हा’विषयी. खर्च झाला हे खरे, पण तो कोणत्या तारखेला झाला असे मानायचे?

पैसे दिले त्या तारखेला, असे आपण चटकन म्हणू. घरखर्चाच्या वहीत आपण तेच करतो. ही झाली रोख पद्धत. आपल्या केंद्र व राज्य सरकारांचे मुख्य हिशेबही अजून याच पद्धतीने लिहिले जातात. व्यापारात मात्र दुसरी एक पद्धत चालते. तिला उपार्जन पद्धत किंवा व्यापारी पद्धत म्हणतात. तिचे म्हणणे असे, की पैसे कधी दिले ते पाहू नका, माल किंवा श्रम कधी वापरले ते पाहा.

माझ्या परिचयातले उदाहरण घेतो. समजा, एका प्रकाशकाने दिवाळी अंक काढला. ऑक्टोबरमध्ये अंक निघाला, विकला गेला, जाहिरातींचे पैसेही फेब्रुवारीपर्यंत आले. लेखक-कवींचे चाळीस हजार रुपये मानधन तेवढे राहिले. ते त्याने मे महिन्यात दिले. मध्ये ३१ मार्च येऊन गेला, आर्थिक वर्ष संपले. रोख पद्धतीने पाहिले तर त्या वर्षीचा नफा चाळीस हजारांनी फुगलेला दिसेल. त्या भरवशावर भागीदार आपापला वाटा उचलतील, आणि लेखक दारात येतील तेव्हा गल्ला रिकामा असेल. उपार्जन पद्धत म्हणते, कविता ज्या अंकात छापली तो ज्या वर्षी विकला, त्याच वर्षीचा हा खर्च. पैसे दिले नसतील तर तो ‘अदत्त खर्च’ म्हणून लिहा आणि ताळेबंदात देणे दाखवा.

उलट बाजूही आहे. याच प्रकाशकाने १ जानेवारीला वर्षभराच्या विम्याचे १२,००० रुपये भरले, तर ३१ मार्चपर्यंतच्या तीन महिन्यांचे ३,००० रुपयेच या वर्षाचा खर्च. उरलेले ९,००० ‘पूर्वदत्त’, म्हणजे पुढच्या वर्षाचे. गोदामात उरलेला कोरा कागद हा खर्च नव्हे, तो साठा. छपाईचे यंत्र दहा लाखांना घेतले आणि ते दहा वर्षे चालेल, पुढे त्याची काही किंमत उरणार नाही असे धरले, तर दरवर्षी एक लाख रुपये घसारा लिहायचा. मार्चच्या विजेचे बिल एप्रिलमध्ये येते. बिल आले नाही म्हणून वीज फुकट जळली असे होत नाही. अंदाजाने का होईना, ती रक्कम मार्चमध्येच धरायची.

थोडक्यात, नोंद करणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. माल किंवा सेवा मिळाली का? तिचा उपयोग कोणत्या वर्षाच्या कमाईला झाला? आणि रक्कम नक्की नसेल, तर तिचा प्रामाणिक अंदाज करता येतो का?

तारखेची ही बाब किरकोळ नाही. वर्ल्डकॉम ही अमेरिकेतली बडी दूरसंचार कंपनी. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल ती त्यांना पैसे देत असे. हा रोजचा खर्च. ज्या काळात तारा वापरल्या त्याच काळात लिहायचा. कंपनीने तो जणू यंत्रे घेतल्यासारखा मालमत्तेत दाखवला, म्हणजे तो थोडाथोडा करून पुढच्या वर्षांवर ढकलता आला. नफा फुगला. अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लबाडी शोधून काढली. २५ जून २००२ रोजी कंपनीने ३.८ अब्ज डॉलरच्या खोट्या नोंदींची कबुली दिली. पुढे एकूण आकडा ११ अब्जांच्या घरात गेला. जुलैमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि कंपनीचे माजी प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना २००५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. तारांचे ते पैसे खरोखरच दिलेले होते. खोटे होते ते त्यांचे वर्ष.

आपल्याकडे १९८८ च्या दुरुस्तीने कंपन्यांना उपार्जन पद्धत सक्तीची झाली, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानेही ती कायम ठेवली. पण वहीत देणे लिहिले म्हणजे घेणेकऱ्याच्या घरी चूल पेटतेच असे नाही. म्हणून २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात एक तरतूद आणली. नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकवायचे. मुदत टळली, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्या वर्षीच मिळते. अंकाची बांधणी करणाऱ्या छोट्या बाइंडरला याचा आधार आहे. कवी सहसा अशी नोंदणी करीत नाहीत, ही गोष्ट वेगळी!

छोट्या दुकानदाराला, बचत गटाला किंवा गावातल्या मंडळाला हा कायदा सक्ती करील न करील. पण वर्षअखेरीस ‘यंदा किती उरले?’ असे विचारण्याआधी एक कागद घ्यावा आणि ‘कोणाचे काय द्यायचे राहिले?’ हे त्यावर उतरवावे. ज्याने काम केले त्याचे नाव त्याच वर्षीच्या वहीत यावे. पैसे द्यायला उशीर झालाच, तर निदान नोंदीला तरी उशीर होऊ नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)