बशीतले वलय आणि शेतातली चुनखडी

राहुरी, नेवासा, कोपरगाव या पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत स्फुरद कितीही घाला, पिकाच्या वाट्याला थोडाच येतो. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमधला विरघळणारा स्फुरद चुनखडीतल्या कॅल्शियमला चिकटतो आणि मुळांना न मिळणाऱ्या रूपात पडून राहतो. तो सोडवायला शेतकरी पीएसबीचे, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे पाकीट आणतो, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतो, सावलीत सुकवून पेरतो. यातल्या अनेक जिवाणूंची ताकद पायरोलोक्विनोलिन क्विनोन, थोडक्यात पीक्यूक्यू, या इवल्याशा रेणूत आहे. १९६४ मध्ये हाउगे या संशोधकांना जिवाणूंच्या एका एन्झाइममध्ये हा अनोळखी साथीदार आढळला. त्याची रचना १९७९ मध्ये स्फटिकांवरून उलगडली. तो ग्लुकोजकडून दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन घेतो, पुढच्या वाहकाला देतो आणि पुन्हा रिकामा होतो. हे एन्झाइम पेशीच्या आतल्या पटलावर, बाहेरच्या बाजूला तोंड करून बसलेले असते. त्यामुळे ग्लुकोजपासून तयार झालेले ग्लुकोनिक आम्ल थेट मातीत उतरते, कॅल्शियमला धरते आणि स्फुरद मोकळा होतो. ई. कोलाय हा जिवाणू हे एन्झाइम बनवतो, पण पीक्यूक्यू बनवू शकत नाही. पीक्यूक्यू बाहेरून पुरवला, की त्याच एन्झाइमपासून आम्ल मिळू लागते. सगळी मदार या रेणूवर आहे, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

पण आम्ल तयार होणे वेगळे आणि ते जमिनीत टिकणे वेगळे. प्रयोगशाळेत जिवाणू निवडतात ते बशीतल्या दुधाळ माध्यमावर. वसाहतीभोवतीचा स्फुरद विरघळून काचेसारखे निवळ वलय उमटले, की जिवाणू पास. त्या बशीत आम्ल मारणारे फारसे काही नसते. आपल्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो आणि चुनखडी आम्लाचा थेंब न थेंब गिळते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हेच दाखवले: बशीत उत्तम ठरलेले जिवाणू, माध्यमाला काळ्या जमिनीसारखी आम्ल शोषण्याची ताकद दिल्यावर, निष्प्रभ ठरले. म्हणून वलयाच्या रुंदीवर पाकिटाची पारख करणे मला चुकीचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, पीएसबी लावलेले पीक जोमदार दिसते त्याचे काय? दिसू शकते, पण तो जोम स्फुरदाचाच असेल असे नाही. जिवाणू वाढीची संप्रेरकेही देतात, आणि पीक्यूक्यू स्वतःच रोपांची वाढ सुधारतो असे कोरियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडले. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: चुना आम्ल मारतोच, तर हा खटाटोप कशाला? पण जिवाणू राहतो मुळाला चिकटून, आणि तिथल्या केसाएवढ्या जागेत आम्ल दाट असू शकते. शिवाय त्याच बडोद्याच्या गटाला तुरीच्या मुळांभोवती असा एक जिवाणू सापडला, की स्फुरदाची टंचाई होताच त्याचे ग्लुकोजवरचे एन्झाइम जोर धरते आणि आम्ल शोषणाऱ्या माध्यमातही सामू उतरतो. तुरीची मुळे नेवाशातही आहेत आणि राहुरीत कृषी विद्यापीठ आहे. जिवाणू इथल्याच मुळांवरून उचलावेत, चुनखडीच्या मातीत तपासावेत आणि मगच पाकिटात भरावेत; सोबत शेणखत हवेच, कारण कर्बाची शिदोरी नसली तर हे जिवाणू जमिनीत तगणार कशावर?