कुंडीतील काळी माती आणि पाणी

पांढुर्णा व सौंसर हे तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते; आता त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. या भागातील ज्या काळ्या मातीत कापूस पिकतो, तीच माती आपण महाविद्यालयाच्या कुंड्यांत भरतो. शेतात गुणाची ठरलेली ही माती कुंडीत का नडते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

काळी माती बेसाल्ट खडक झिजून बनलेली आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी शोषून फुगते व वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतांना भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीत मात्र मातीची संपूर्ण ढेप आकसून कडेपासून सुटते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली उतरते व छिद्रातून वाहू लागते. पाहणाऱ्यास वाटते, झाड पोटभर प्याले! माझ्या अंगणातील मोगरा रोज पाणी देऊनही मे महिन्यात वाळला. कुंडी फोडून पाहिली तेव्हा ढेप आतून कोरडी ठणठणीत होती. पावसाळ्यात याच्या उलट घडते. माती फुगते, मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात.

यावर उपाय म्हणजे एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि एक भाग जाड रेती असे मिश्रण. रेतीत कंजुषी करू नये. चिकण मातीत थोडीशीच रेती पडली तर ढेप विटेसारखी घट्ट होते. तळाशी खड्यांचा थर देण्याची आपली जुनी सवयही सोडावी. बारीक मातीतील पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, वरच अडकून राहते. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरे. चुलीची राखही टाळावी. काळी माती मुळातच अल्कधर्मी व बहुधा चुनखडीयुक्त असते. राखेने त्यात भरच पडते. मग झाडास लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

ढेप सुटली असेल तर कुंडी पाण्याच्या टोपल्यात वा टाक्यात बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. नंतर खुरपीने वरची माती मोकळी करून फट बुजवावी. एरवी बोट दोन इंच खुपसून आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग अवश्य करून घ्यावा. वाळलेल्या कुंडीत मोजून एक लिटर पाणी घालावे व खाली ताटलीत जमलेले पुन्हा मोजावे. मातीने किती धरले ते वजाबाकीने कळते. बुडवलेल्या कुंडीचे आधीचे व नंतरचे वजन घेऊन तोच हिशेब ताडून पाहता येतो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.